रकाना क्रमांक सात

"सर, जरा तिकडं सरा, शिंतोडे उडतील," रंगनाथतात्या म्हणाले आणि मी सरायच्या आतच त्यांनी सरपंचांचा पायजमा डोक्यावरून फिरवून दगडावर आपटला. शिंतोडे उडाले. माझ्या हातातल्या प्रपत्रावर 'एकूण लोकसंख्या' या रकान्यात मोठा थेंब पडला आणि मी नुकतीच लिहिलेली संख्या विरघळून गेली. ती तशीही खरी नव्हती.

ही गोष्ट शहाण्णव सालची. कारंजटेक पुण्यापासून सतरा किलोमीटर. शहरातले लोक त्याला गाव म्हणत आणि गावातले लोक बाहेरगावी गेले की आपण पुण्याचे असं सांगत. मी तिथे सरपंचांच्या जुन्या घरातल्या एका खोलीत राहत होतो आणि शेजारच्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला की तत्त्व संपतं. ज्या संस्थेचं कॉलेज, तिच्या संचालक मंडळावर सरपंच होते. त्यामुळे त्यांनी एकवीस रकान्यांचं 'गावाची संक्षिप्त माहिती' हे प्रपत्र माझ्यापुढे सरकवून "सर, तुम्ही एम. ए. हाय, तुमच्यासाठी ह्ये काय," असं म्हटल्यावर मला काही म्हणायचं उरलं नव्हतं. जिल्ह्याच्या क वर्ग पर्यटनस्थळांच्या यादीत गाव घालायचं होतं. यादीत गेलं की डांबरी रस्ता आणि सभामंडप. माहिती पाठवायची, तिचीच पुस्तिका छापायची, मग समिती येऊन बघून जाणार.

ग्रामपंचायतीतली माहिती दहा वर्षांपूर्वीची निघाली. तलाठी म्हणाले, "परटाला विचारा. त्याला सगळं गाव पाठ आहे." ते थट्टेनं म्हणाले होते. मी खरंच ओढ्यावर गेलो.

"घरं एकशे बेचाळीस," रंगनाथतात्यांनी पायजमा पिळत सांगितलं. "त्यातली अठ्ठ्याण्णव माझ्याकडं. बाकीच्यांनी मशिनी घेतल्यात."

"लोकांचा मुख्य व्यवसाय?"

"कागदावर काय ल्हिवलंय?"

"शेती."

तात्या हसले. पन्नाशीचा काटक माणूस, हातांची कातडी सोड्यानं पांढरी पडलेली. त्यांनी गाठोड्यातून एक सदरा उपसून माझ्यापुढे धरला. आतल्या बाजूला बिब्ब्यानं काढलेली खूण होती, दोन टिंबं आणि एक आडवी रेघ. प्रत्येक घराची खूण वेगळी; अक्षरओळख असूनही ते नावं लिहीत नसत. नाव लिहिलं तर ते धुतल्यावर जातं, म्हणत.

"ह्यो भिंताड्यांचा. सरपंचांच्या चुलतभावाचा. पूर्वी ह्यांच्या कपड्याला गुडघ्यापातूर चिखल यायचा. चार-चार पाण्यात निघायचा न्हाई. आता बघा, नुसती कॉलर मळती. जमीन इकली की माणसाची कॉलरच मळती, सर. ल्हिवा तुमच्या कागदात."

मी लिहिलं नाही. तिथे फक्त 'शेती / शेतमजुरी / इतर' एवढ्यावरच खूण करायची सोय होती.

पुढचा अर्धा तास मी गाव ऐकत बसलो. कुणाच्या घरी परकर-ब्लाऊज अचानक येईनासे झाले, म्हणजे सून माहेरी गेली. कुणाचा मुलगा कंपनीत लागला, पण गणवेश महिनाभर धुवायलाच आला नाही, म्हणजे काढून टाकलंय आणि घरी सांगितलेलं नाही. तात्यांना सगळं माहीत होतं आणि ते कुणाला काही सांगत नव्हते. मला सांगितलं, कारण मी बाहेरचा होतो आणि कागद घेऊन आलो होतो. कागद घेऊन आलेल्या माणसाला खरं सांगायचं असतं, अशी त्यांची समजूत होती.

"आणि ऐतिहासिक वारसा?" मी सातवा रकाना वाचला. "जुनं देऊळ, शिलालेख, वीरगळ असलं काही?"

"आपल्या गावात?" त्यांनी ओल्या हातानं दगड थोपटला. "जुनं म्हणायचं तर ह्योच. माझ्या बापानं आणला. रस्त्यावरचा पूल बांधत हुते, तवा खाणीतनं. बैलगाडीचा कणा मोडला हुता. ही बघा, सुरुंगाची पन्हाळ."

दगड कमरेएवढा, ओढ्याच्या डोहाकडे उतरता. वरून काचेसारखा गुळगुळीत. एका कडेला सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची अर्धी नळी स्पष्ट दिसत होती. तिच्या शेजारी काहीतरी कोरलेलं होतं. चार पाय, एक मान, वर एक काठी.

"हे काय?"

"घोडं," तात्या जरा लाजले. "मी काढलंय. दुसरीत हुतो. बाप कपडे धुवायचा आन् मी खिळा घिऊन बसायचो. वर शिपाई बसवायचा हुता, पण बापानं टकुऱ्यात दिली, म्हणून नुसती काठीच राहिली."

"शेळी वाटते," मी म्हणालो.

"बाप बी तेच म्हणला हुता."

मग त्यांनी मला दगड घडतो कसा ते सांगितलं. नवा दगड कपडा खातो. दहा वर्षं धुतल्यावर तो खायचा थांबतो, वीस वर्षांनी ऐकायला लागतो. उतार असा हवा की मळ खाली जाईल आणि वाकल्यावर हात जिथे पडतो तिथेच कपडा पडेल. "बापाचं आयुष्य गेलं ह्यो दगूड शिकवण्यात. मला आयता मिळाला. ह्यो नसला तर मला दुसरं काम येत न्हाई, सर. येतं म्हणा, पण हात ऐकत न्हाईत."

संध्याकाळी सरपंचांच्या ओसरीवर मी प्रपत्र दिलं. सरपंच, म्हणजे साहेबराव भिंताडे, गाव त्यांना अण्णा म्हणे. त्यांनी एकेक रकाना बोटानं तपासला आणि सातव्यावर बोट थांबलं.

"हितं 'निरंक' कसं काय?"

"काही नाहीच ना, अण्णा."

"सर, पर्यटनस्थळाचा फॉर्म हाय. लोक काय निरंक बघायला येणार हायत?" ते गंभीर होते. "त्या खामशेताला एक पडकी बारव हाय. तिच्यावर त्यांनी सव्वा किलोमीटर डांबर घेतलं. आपल्याला काहीच न्हाई, असं कसं असंल? नीट बघा."

मी पुन्हा लेखणी उचलली. आता सांगताना मला वाटतं की मी बराच विचार केला असेन. प्रत्यक्षात चहा निवायच्या आत लिहून झालं होतं: 'गावाच्या पूर्वेस ओढ्याच्या काठी एक प्राचीन शिळा असून तीवर भालाधारी अश्वारूढ वीराची आकृती कोरलेली आढळते. गावाची वसाहत करणाऱ्या मूळ पुरुषाची ही स्मृतिशिळा असावी, असे म्हणतात.' 'असे म्हणतात' हे लिहिलं की म्हणणारा कोण, हे मराठीत कुणी विचारत नाही. समिती हसेल, शिक्का मारेल, कागद फायलीत जाईल, असं मला वाटत होतं. तात्यांना दाखवलं असतं तर तेही हसले असते, असंही वाटत होतं. दाखवलं मात्र नाही.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी दोनदा वाचलं.

"मूळ पुरुष म्हंजी आमचाच की. गाव वसवलं भिंताड्यांनीच." मग मान वर करून, "नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

"घोड्यावरच्याचं."

एखाद्या विद्यार्थ्यानं तास संपताना प्रश्न विचारावा आणि आपण काहीतरी उत्तर देऊन टाकावं, तसं मी म्हणालो, "सुभानजी."

"सुभानजी भिंताडे," अण्णा हळूच म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. माणसाला पणजोबाच्या पलीकडचा पूर्वज मिळाला की असं होतं.

पुस्तिका सोळा पानांची निघाली. समिती आली, जेवली, दगडापाशी फोटो काढले. समितीतल्या एका गृहस्थांनी घोड्यावर हात फिरवून "शैली ग्रामीण आहे, पण जोरकस," असं मत दिलं. कारंजटेक यादीत गेलं. अण्णांनी मला गावासमोर नारळ दिला आणि कॉलेजात मला कायम करण्याचा ठराव आपण स्वतः मांडणार असल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर गोष्टी माझ्या हातात राहिल्या नाहीत, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो.

आधी दगडावर कुणीतरी झेंडूचा हार ठेवला. तात्यांनी तो बाजूला ठेवून कपडे धुतले आणि जाताना परत होता तसा ठेवला. मग शेंदूर आला. तात्या म्हणाले, "शेंदूर कपड्याला लागतो, सर, निघत न्हाई." मग तरुण मंडळानं लोखंडी कठडा घालायचं ठरवलं. आणि मग एका बैठकीत कुणीतरी उठून विचारलं की ज्या शिळेवर आपल्या मूळ पुरुषाची मूर्ती आहे, तिच्यावर चाळीस वर्षं गावाची मळकी धुणी आपटली गेली, त्याचं काय?

हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. सुचल्यावर मात्र सगळ्यांना एकदम राग आला. ती धुणी त्यांचीच होती, हे तेवढं राहून गेलं.

असं ठरलं की मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी कठड्याचं उद्घाटन, आणि त्याच वेळी रंगनाथ परटानं शिळेपुढे नारळ फोडून सर्वांसमक्ष चूक कबूल करायची. त्यानंतर तो विषय गाव कायमचा विसरेल. गाव मोठ्या मनाचं होतं.

शुक्रवारी तात्या माझ्या खोलीवर आले. माझे दोन शर्ट इस्त्री करून आणले होते. खाटेवर ठेवले आणि बसले नाहीत.

"सर, तुम्ही फकस्त एवढंच सांगा, की ते घोडं रंगनाथानं काढलंय. बास. बाकी काय बी बोलू नका."

"तुम्ही सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं की. म्हणत्यात, पुस्तकात तसं न्हाई." ते माझ्याकडे बघत होते, त्यात तक्रार नव्हती. "दगूड गेला तर गेला, म्हणलं, दुसरा बघू. पण हात जोडून चूक झाली म्हणायचं, ते कसं म्हणायचं? कसली चूक? तुम्हाला म्हाईत हाय, कुणी काढलंय. तुम्हीच तर शेळी म्हणला हुता."

"मी बोलतो अण्णांशी."

"तुमचं ऐकत्यात ते."

शनिवारी सकाळी मी बोललो. अण्णा अंगणात दाढी करत होते. मी म्हणालो की पुस्तिकेतला मजकूर जरा अंदाजानं लिहिला होता, त्यावरून एखाद्या माणसाला दोष देणं बरोबर दिसणार नाही. अण्णांनी अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अंदाजानं म्हंजी? खोटं?"

"खोटं असं नाही—"

"सर, तुमचा ठराव मंगळवारी हाय. मीच मांडणार. आता माणूस सरकारी कागदात खोटं ल्हितो, असं निघालं तर मी कुठल्या तोंडानं मांडू? तुम्हीच सांगा." आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच अडचण वाटत होती. "तसं काय असंल तर ल्हिवून द्या. आपण समितीला कळवू."

"मी तसं म्हणत नाही, अण्णा."

"मग काय म्हणताय?"

"काही नाही."

त्यांनी उरलेला गाल उरकायला घेतला.

रविवारी ओढ्याकाठी मांडव होता. गाव झाडून आलं होतं, आणि धुतलेल्या कपड्यांत आलं होतं. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर. अण्णांचं भाषण झालं, सुभानजींनी म्हणे तीन लढाया मारल्या होत्या. पुस्तिकेत एकही नव्हती. मग त्यांनी हाक मारली, "रंगनाथराव, या पुढं." रंगनाथला राव लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तात्या पुढे आले. पांढरी टोपी, हातात नारळ. मागे बायकांत त्यांची बायको शेवंता उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"तर रंगनाथराव, झालं ते झालं. चूक झाली, एवढं म्हणा आन् नारळ फोडा."

तात्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मंडळातला कुणीतरी ओरडला, "बोल की! कपडे आपटताना बरा जोर यायचा!" लोक हसले.

"सरांना इचारा," तात्या म्हणाले.

हसू थांबलं.

"सरांनी ल्हिवलंय. सर सांगतील तसं म्हणतो."

सगळे माझ्याकडे वळले. अण्णाही. त्यांच्या चेहऱ्यावर धमकी नव्हती. खरं सांगायचं तर जरा विनवणीच होती. मी उठलो. तीन-चारशे माणसं, कोवळं ऊन, ओढ्याचं पाणी. एक वाक्य होतं आणि ते तात्यांनी मला आयतं करून दिलं होतं.

"हे जे झालं," मी म्हणालो, "ते अजाणतेपणी झालं. त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसताना घडलेल्या गोष्टीला दोष म्हणू नये."

टाळ्या पडल्या. अण्णांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. सरांनी परटाची बाजू घेतली, असं लोक नंतर कौतुकानं म्हणाले. खाली बसताना क्षणभर मलाही तसंच वाटलं.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग दगडाकडे वळून म्हणाले, "व्हय. मला म्हाईत नव्हतं." आणि नारळ फोडला. तो एका फटक्यात फुटला; हाताला सवय होती.

मंगळवारी ठराव झाला. मी कायम झालो.

दहा-बारा दिवस मी त्यांच्या वस्तीकडे फिरकलो नाही. कपडे स्वतः धुतले आणि मला ते जमत नाही हे कळलं. मग ऐकलं की तात्या गाव सोडतायत. धायरीकडे मेव्हण्याची इस्त्रीची टपरी होती, तिथे उभे राहणार होते. त्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरा दगड लावून पाहिला होता. त्यानं पहिल्याच आठवड्यात दोन साड्या आणि एक धोतर फाडलं. लोकांनी कपडे द्यायचं बंद केलं, आणि तशीही आता घरोघर मशिनी येत होत्या.

मी गेलो तेव्हा दुपार होती. दारात भांडी बांधून ठेवलेली. शेवंतावहिनींनी मला बघून चहा टाकला. तात्यांनी सतरंजी झटकली.

"बसा, सर. कायम झाला म्हणं. चांगलं झालं बघा. माणूस एका जागी पाह्यजे."

त्यात खोच नव्हती. मी ती शोधत होतो. खोच असती तर मला बरं वाटलं असतं. मी येताना चार वाक्यं जुळवून आणली होती, माफीची, बऱ्यापैकी घोटीव. ती सुरू करायच्या आत तेच बोलले.

"सर, एक इचारू? रागवू नका."

"विचारा ना."

"त्या दगडाचं..." ते जरा पुढे सरकले. आवाज खाली. "खरंच काय असंल का हो? म्हंजी तुम्ही शिकलेली माणसं. समितीतलं सायब बी म्हणलं, जुनं हाय म्हणून. पुस्तकात आलं. मी आपला म्हणत बसलोय, मी काढलं, मी काढलं. पन मी तवा सात वर्षांचा. आसंल आधीच कोरलेलं, आन् मी नुसता खिळा फिरवला आसंल वरनं. लहान पोरांना वाटतं तसं." त्यांनी कपाळ चोळलं. "रातभर इचार करतो. बापाचा मार आठवतो, खिळा आठवतो. पन आता खिळा आठवतो का नुसतं वाटतं, तेच कळंना झालंय."

"काय बोलता येड्यावानी," चुलीपासून शेवंतावहिनी म्हणाल्या. "लग्न झाल्यावर पयल्यांदा वढ्यावर नेलं, तवा मला तेच दावलं हुतं. ह्ये मी काढलंय म्हणून. हसले हुते मी. इचारा की सरांना, सरांना म्हाईत हाय."

"त्येच तर इचारतोय," तात्या म्हणाले, आणि दोघंही माझ्याकडे बघू लागले.

तिथे मांडव नव्हता. अण्णा नव्हते. ठराव मंजूर होऊन सहीसकट माझ्या ट्रंकेत पडला होता. त्या खोलीत मी काहीही बोललो असतो तरी ते बाहेर कुणापर्यंत पोचलं नसतं, आणि पोचलं असतं तरी माझं काही बिघडणार नव्हतं. त्या आधीच्या सगळ्या गोष्टींना मला कारणं सापडतात. नोकरी होती, वय होतं, समोर गाव होतं. या एका वाक्याला अठ्ठावीस वर्षांत सापडलेलं नाही.

"लहानपणीचं आपल्याला आठवतं, ते सगळंच तसं घडलेलं नसतं, तात्या," मी म्हणालो. वर्गात बोलतो त्याच आवाजात.

तात्यांनी श्वास सोडला. चेहरा सैल झाला. गेल्या महिनाभरात इतका सैल मी तो पाहिला नव्हता. आपल्या हातून खरोखरच चूक झाली होती, म्हणजे कुणी आपल्याशी वाईट वागलेलं नाही, असं काहीसं त्यांना पटलं असावं.

"मी तेच म्हणतो," ते म्हणाले. मग चुलीकडे वळून, "ऐकलंस का? सर बी तेच म्हणत्यात."

शेवंतावहिनी उठल्या. त्यांनी माझ्यापुढचा कप उचलला आणि बाहेर विसळायला नेला. त्यात चहा अजून अर्धा होता.